घरात न सांगितलेले कर्ज

मराठी भाषेत 'ऋण' आणि 'कर्ज' हे दोन शब्द शेजारीशेजारी राहतात. पण त्यांचे येणेजाणे बेताचेच आहे. ऋण मातापित्यांचे असते, गुरुजनांचे असते, ज्या मातीने पोसले तिचे असते. ते फिटत नाही आणि फिटावे अशी कोणाची अपेक्षाही नसते. कर्ज मात्र फेडावयाचे असते, तेही तारखेला. 'कर्ज' व 'जामीन' हे शब्द अरबीतून आपल्याकडे आले, 'हप्ता' फारसीतून आला. हप्ता म्हणजे मुळात आठवडा. आपण त्याला महिन्याचा केला आणि मूळ अर्थ विसरून गेलो. अलीकडे मोबाईलवरून पैसे वाटणाऱ्या काही मंडळींनी तो पुन्हा सात दिवसांवर आणून ठेवला आहे. त्यांचा फारसीचा अभ्यास दांडगा असावा!

आणखी एका शब्दाची येथे आठवण होते. प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेत आपण अपराधांची क्षमा मागतो. मत्तयच्या शुभवर्तमानात त्या ठिकाणी जो ग्रीक शब्द आहे, त्याचा सरळ अर्थ 'देणी' असा होतो. लूकने तेथे 'पापे' हा शब्द योजला आहे. सेमिनरीत हा आमच्यासाठी भाषेचा धडा होता. धर्मग्रामात आल्यावर तोच धडा माणसांच्या चेहऱ्यांवर वाचावयास मिळाला. देणेकरी आणि अपराधी ह्यांची मुद्रा सारखीच असते: खाली घातलेली मान, मूळ विषयाला सोडून चाललेले बोलणे आणि उठता उठता दाराशी सांगितलेली खरी गोष्ट. "फादर, घरी कुणाला बोलू नका," हे वाक्य आम्ही दारूपेक्षाही कर्जाच्या बाबतीत अधिक वेळा ऐकले आहे.

धर्मगुरूने ह्या व्यवहारात कशाला पडावे, असे कोणी म्हणेल. वसईकरांनी तरी तसे म्हणू नये. १९१८ साली मॉन्सिन्योर पी. जे. मोनीस ह्या धर्मगुरूंच्या पुढाकाराने येथे जी सहकारी पतसंस्था उभी राहिली, तिचीच आजची बसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक झाली. बागायतदाराच्या मानेवरचा सावकाराचा पाय काढावा, हा त्यामागील हेतू होता. ती गोष्ट एकट्या वसईची नव्हती. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची घरे-दुकाने फोडून कर्जरोख्यांची होळी केली. त्या उठावानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला आणि १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. त्याही आधी, १४६२ साली, इटलीतील पेरुजिया शहरी फ्रान्सिस्कन संन्याशांनी गरिबांना वस्तू तारण ठेवून माफक दराने पैसे देणारी पेढी काढली होती. असे माफक शुल्क घेणे ही सावकारी होय की काय, ह्यावर पुढे पन्नास वर्षे वाद माजला; १५१५ साली पाचव्या लॅटरन धर्मपरिषदेने त्या पेढ्यांना मान्यता दिली. तेव्हा आम्ही काही नवीन करीत आहोत असे नाही. आमचे पूर्वसूरी ह्या चिखलात आमच्याहून खोल उतरले होते.

जुन्या धर्मशास्त्र्यांनी कर्जाचा विचार फार बारकाईने केला होता. वापरताच जी वस्तू संपून जाते तिचे कर्ज वेगळे, आणि जी वस्तू वापरूनही उरते तिचे वेगळे, असा भेद ते करीत. धान्य, तेल, द्राक्षारस ही पहिल्या प्रकारात मोडत. घर, जमीन ही दुसऱ्या प्रकारात. आज हा भेद बँकांच्या तक्त्यात सापडणार नाही. पण घराच्या जमाखर्चात त्याच्याइतका उपयोगी भेद दुसरा नाही. घरासाठी घेतलेले कर्ज फिटले की घर उरते. मुलीच्या शिक्षणासाठी घेतलेले कर्ज फिटले की तिची नोकरी उरते. रिक्षासाठी घेतलेले कर्ज रिक्षा स्वतःच फेडते. लग्नाच्या जेवणाचे कर्ज मात्र एका रात्रीत पचते आणि त्याचा हप्ता छत्तीस महिने पानात वाढला जातो.

'ऋण काढून सण' ही म्हण आपल्या आजीने हिणवण्यासाठी वापरली. आज तिची जाहिरात झाली आहे. अंथरूण पाहून पाय पसरावे असेही पूर्वी सांगत. आता अंथरूणच हप्त्यावर मिळते, तेव्हा पाय आखडण्याचे कारण उरले नाही. आमच्या लोकांत तर लग्न, स्नानसंस्कार, पहिले कम्युनियन, सगळ्यांना हॉल हवा, बँड हवा, ड्रोनवाला छायाचित्रकार हवा. नऊ वर्षांच्या मुलाच्या पहिल्या कम्युनियनसाठी बापाने वैयक्तिक कर्ज काढले, असे आम्हांला कळले तेव्हा त्या रविवारचे प्रवचन आम्ही ऐनवेळी बदलले. लोकांना ते आवडले नाही असे नंतर कानावर आले. असो.

आम्ही कर्जाच्या विरुद्ध नाही, क्रेडिट कार्डाच्याही नाही. पूर्ण बिल तारखेच्या आत भरणाऱ्यास ते कार्ड साधारण पंचेचाळीस-पन्नास दिवसांपर्यंत बिनव्याजी पैसे वापरू देते. पगार होण्याआधी रुग्णालयात दाखल होण्याची पाळी आली तर ते उपयोगी पडते. गडबड होते ती बिलाच्या कागदावरील दुसऱ्या आकड्यामुळे. एकूण देय रक्कम एका ठिकाणी असते आणि 'किमान देय रक्कम' दुसऱ्या ठिकाणी. किमान हा शब्द कानाला गोड लागतो. तो भरला म्हणजे विलंबाचा दंड टळतो, इतकेच. व्याज टळत नाही. आपण हिशेबच करून पाहू. पन्नास हजार रुपये देणे आहे आणि व्याज महिन्याला साडेतीन टक्के आहे असे धरा. आपल्याकडील कार्डांचा दर साधारण ह्याच घरात असतो. महिन्याचे व्याज १,७५० रुपये झाले. त्या व्याजावर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ३१५. एकूण २,०६५. किमान रक्कम पाच टक्के, म्हणजे अडीच हजार भरली, तर मुद्दलातून वजा झाले अवघे ४३५ रुपये! शिवाय जुनी बाकी राहिली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते; आज घेतलेल्या किराण्यावर आजपासूनच व्याज चढू लागते. कार्डाने रोख रक्कम काढली तर तिच्यावर पहिल्या दिवसापासून व्याज लागते, हेही पुष्कळांना ठाऊक नसते. किमान रक्कमच भरीत राहिल्यास फेड वर्षानुवर्षे लांबेल, अशी सूचना बिलावर छापण्याचे बंधन रिझर्व्ह बँकेने घातले आहे. ती छापलेली असते. आम्ही ती वाचणारा माणूस अद्याप पाहिलेला नाही.

'शून्य टक्के व्याज' ह्या शब्दांविषयी रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच स्पष्ट म्हटले होते की, असे काही अस्तित्वात नसते. व्याज कोठेतरी प्रक्रिया शुल्कात वा किमतीत दडविलेले असते. एक टीव्ही रोखीने अठ्ठावीस हजारांना मिळतो आणि हप्त्यांवर अडीच हजारांप्रमाणे बारा महिने, म्हणजे तीस हजारांना. दुकानदार म्हणतो, व्याज शून्य, फक्त रोखीची सूट मिळणार नाही. ती न मिळालेली सूट हेच व्याज होय, आणि ते वर्षाला सुमारे तेरा टक्के पडते. 'फ्लॅट दहा टक्के' हाही असाच एक गोड शब्द. एक लाख रुपये तीन वर्षांसाठी घेतले, दर वर्षी दहा हजार व्याज, छत्तीस हप्ते. कर्ज दर महिन्याला कमी होत असताना व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण लाखावर आकारलेले असते. खरा दर जवळजवळ अठरा टक्के निघतो. ह्या लपवालपवीवर उपाय म्हणून १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक किरकोळ मुदत कर्जाबरोबर मुख्य तथ्यांचे एक पत्रक देणे सक्तीचे झाले आहे. त्यात सगळे शुल्क धरून होणारा वार्षिक दर लिहिलेला असतो. सही करण्यापूर्वी तेवढे एक पान मागून घ्यावे आणि घरी आणावे. दुकानात, विक्रेत्याच्या समोर, मूल टीव्हीकडे पाहत असताना कोणताही दर स्वस्तच वाटतो.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही लेखणी हाती घेतली तिच्याकडे येतो. प्रायश्चित्त संस्कारातील एक अक्षरही ह्यात नाही, हे आधी सांगितले पाहिजे. पुढील हकीकत संबंधितांच्या संमतीने आणि ओळख पटू नये इतपत तपशील बदलून देत आहोत.

२०२२ च्या पावसाळ्यात एके सकाळी आमच्या मोबाईलवर अनोळखी क्रमांकावरून एक छायाचित्र आले. आमच्या गायकवृंदातील एका तरुणाचे तोंड कोणा दुसऱ्याच्या उघड्यानागड्या शरीरावर चिकटविलेले होते आणि खाली हिंदीत लिहिले होते की, हा चोर आहे, ह्याने पैसे बुडविले, ह्याला जाब विचारा. तो संदेश एकट्या आम्हांला आलेला नव्हता. त्याच्या मावशीला, अंधेरीच्या कचेरीतील साहेबाला, गायकवृंदातील मुलींना, अगदी गॅस सिलेंडर आणून देणाऱ्या माणसालाही तो गेला होता. मुलगा आदल्या रात्रीपासून घरी नव्हता.

दुपारी तो नालासोपाऱ्याला एका मित्राकडे सापडला. त्याचे वडील आणि आम्ही त्याला आणावयास गेलो. रेल्वेच्या फलाटावर बराच वेळ बसून मग मित्राकडे गेलो, एवढेच तो म्हणाला. त्याहून अधिक त्याने सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. बापाने त्याचा हात धरला तो घरी येईपर्यंत सोडला नाही.

कर्ज किती होते? आरंभी पाच हजार! मित्राच्या लग्नात 'बेस्ट मॅन' होण्यासाठी सूट शिवावयाचा होता. पगाराला बारा दिवस अवकाश होता आणि बापाजवळ मागण्याची लाज वाटली. मोबाईलवर एक ॲप उतरवून घेतले. त्याने संपर्कांची यादी, छायाचित्रे, सगळे पाहण्याची परवानगी मागितली, ती दिली. दहा मिनिटांत खात्यावर पैसे आले, पण पाच हजार नव्हे, साडेतीन हजार. उरलेले शुल्कापोटी कापले होते. सातव्या दिवशी पूर्ण पाच हजार परत करावयाचे होते. साडेतीन हजारांवर आठवड्याला दीड हजार, म्हणजे आठवड्याला जवळजवळ त्रेचाळीस टक्के. सुप्याच्या सावकाराने हा दर ऐकला असता तर तोही ओशाळला असता. सातव्या दिवशी पैसे नव्हते. तेव्हा त्याच ॲपने दुसऱ्या ॲपची वाट दाखविली, दुसऱ्याने तिसऱ्याची. तीन महिन्यांत अशी नऊ ॲपे झाली. हाती आले त्याच्या दुपटीहून अधिक त्याने फेडले होते आणि तरीही देणे उरलेच होते.

ह्या काळात तो दर रविवारी गात होता. आईने त्याला चार वेळा विचारले होते की, तू जेवत का नाहीस.

त्या संध्याकाळी त्याच्या वडिलांनी जे केले ते आम्ही विसरणार नाही. गृहस्थ फार शिकलेले नाहीत. वाडीत केळी आणि फुलझाडे लावतात. त्यांनी मुलाचा मोबाईल मागून घेतला आणि त्यातील सर्व संपर्कांना स्वतःच्या नावाने संदेश पाठवावयास सांगितले. मजकूर त्यांनी बोलून दाखविला, मुलीने लिहिला: "माझ्या मुलाने कर्ज घेतले आहे. ते आम्ही घरचे पाहून घेऊ. तुम्हांला जे चित्र आले ते खोटे आहे, पुसून टाका. काही विचारायचे असेल तर मला विचारा." खाली स्वतःचा क्रमांक. बस्स, एवढेच.

मग धमक्यांचा जोर का ओसरला हे समजणे कठीण नाही. त्या लोकांजवळ न्यायालय नव्हते, तारण नव्हते, कायदेशीर कागद नव्हता. त्यांचे एकमेव तारण होते मुलाची लाज; आणि बापाने ती सोडवून घेतली. पुढे आठ-दहा दिवस फोन येत राहिले. चित्रे, संदेश, पैसे भरल्याच्या पावत्या, सगळे जपून ठेवून राष्ट्रीय सायबर गुन्हे मदतवाहिनीवर, म्हणजे १९३० ह्या क्रमांकावर कळविले आणि पोलीस ठाण्यात लेखी तक्रार दिली. ॲपे काढून टाकण्यापूर्वी हा पुरावा ठेवणे अगत्याचे होते. एक रुपयाही अधिक भरला नाही. भरला असता तर मागणी वाढली असती. अशा धंद्यात पैसे देणारा हाच पुढचे गिऱ्हाईक असतो.

हे एका मुलाचेच झाले नाही. रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाने २०२१ च्या जानेवारी-फेब्रुवारीत पाहणी केली, तेव्हा भारतीयांना कर्ज देऊ करणारी सुमारे अकराशे ॲपे आढळली आणि त्यांपैकी सहाशे बेकायदा होती. २ सप्टेंबर २०२२ रोजी बँकेने नियम घालून दिले, ते २०२५ साली आणखी कडक झाले. त्यांतील थोडे लक्षात ठेवले तरी पुरे. कर्जाची रक्कम परवानाधारक बँकेच्या किंवा वित्तसंस्थेच्या खात्यातून सरळ आपल्या खात्यात आली पाहिजे आणि फेडही सरळ तिच्याच खात्यात गेली पाहिजे; मधल्या कोणा इसमाच्या क्रमांकावर नव्हे. ॲपला आपली संपर्कयादी, छायाचित्रे, फोनची नोंद पाहण्याचा अधिकार नाही. जे ॲप ती मागते त्याचे तेथेच पितळ उघडे पडते. कर्ज नकोसे झाल्यास ठराविक मुदतीत मुद्दल व तेवढ्या दिवसांचा आकार परत करून दंडाशिवाय मोकळे होता येते. परवानाधारक संस्थांच्या ॲपांची यादी २०२५ पासून रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आहे. शिवाय वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी किंवा सायंकाळी सातनंतर फोन करू नये, कर्जदाराच्या नातलगांना व मित्रांना छळू नये, असा आदेश ऑगस्ट २०२२ मध्ये निघालेला आहे, आणि तो मोठ्या नावाच्या बँकांनाही लागू आहे. बँकेने तीस दिवसांत तक्रारीची दाद घेतली नाही तर लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते.

दुसरी फसवणूक ह्याच्या उलट्या बाजूने येते. येथे कर्ज मिळतच नाही. मिळणार असे सांगून आपल्याकडूनच पैसे घेतले जातात. पंतप्रधान मुद्रा योजनेच्या नावाने, राजमुद्रा छापलेले, 'आपले पाच लाखांचे कर्ज मंजूर झाले आहे' असे पत्र मोबाईलवर येते. आधी प्रक्रिया शुल्क दोन हजार भरा. मग विम्याचे साडेचार हजार. मग जीएसटी. प्रत्येक वेळी एकच पायरी उरलेली असते. मुद्रा ही संस्था व्यक्तींना थेट कर्ज देत नाही. ते बँका व अन्य वित्तसंस्थांमार्फतच मिळते आणि त्यासाठी तिने कोणी दलाल नेमलेले नाहीत. खरी बँक आपले शुल्क कर्जाच्या रकमेतून कापून घेते किंवा आपल्या शाखेत रीतसर पावतीने घेते. कर्ज देण्याआधी कोणा 'साहेबाच्या' खात्यावर मागत नाही. आमच्या परिचयाच्या एका विधवेने शिवणाचे यंत्र घेण्यासाठी अशा तीन पायऱ्या चढल्या. चौथीसाठी ती कानातले विकावयास निघाली, तेव्हा सोनाराने सहज विचारले, "कशासाठी विकतेस गं बाय?" तिने खरे सांगितले आणि कानातले वाचले. सोनाराने गिऱ्हाईक घालविले. देव त्याचे भले करो.

तिसरी तर आपल्या नकळतच होते. झेरॉक्सच्या दुकानात राहिलेली पॅन कार्डाची प्रत, सिमकार्डासाठी कोणाला दिलेले आधार, ह्यांवर भलत्याच माणसाने कर्ज उचललेले असते. आपल्याला कळते ते घरकर्जाचा अर्ज नाकारला जातो तेव्हा. ह्यावर साधा उपाय आहे. सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपीरियन आणि सीआरआयएफ हाय मार्क ह्या चारही पतमाहिती संस्थांकडून वर्षातून एकदा आपला पूर्ण अहवाल फुकट मिळतो. वाढदिवसाच्या दिवशी तो मागविण्याची सवय आमच्या धर्मग्रामातील एका शिक्षकांनी लावून घेतली आहे. आपल्या नावावर न घेतलेले कर्ज दिसले तर त्या संस्थेला व संबंधित बँकेला लेखी कळवावे.

जामिनाविषयी चार शब्द बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण आपल्या समाजात माणसे स्वतःच्या कर्जाने जितकी बुडतात, त्याहून अधिक भिडेपोटी केलेल्या सहीने बुडतात असा आमचा अनुभव आहे. "नुसती सही पाहिजे, बाकी काही नाही," असे मेहुणा म्हणतो. नुसती सही असे काही नसते. १८७२ च्या करार कायद्याच्या १२८ व्या कलमानुसार, करारात वेगळे लिहिलेले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. बँक आधी मेहुण्याच्या मागे धावलीच पाहिजे असे नाही. हप्ता चुकला तर जामीनदाराची पतही घसरते. बेन सिराच्या ग्रंथाच्या एकोणतिसाव्या अध्यायात उसनवारी व जामीन ह्यांविषयी जे लिहिले आहे ते वाचून पाहावे. पैसे मिळेपर्यंत हाताचे मुके घेणारा आणि परतफेडीच्या वेळी काळ कठीण असल्याची तक्रार करणारा माणूस त्या शास्त्र्याने दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी पाहून ठेवला आहे. तरीही तो शेजाऱ्याला मदत करू नका असे सांगत नाही. ऐपतीपुरते द्यावे, आणि स्वतः पडणार नाही एवढी काळजी घ्यावी, असा त्याचा सल्ला आहे. म्हणजे वीस हजारांची ऐपत असेल तर मेहुण्याला वीस हजार देऊन टाकावे, परत आले नाहीत तरी चालेल अशा मनाने. पण पाच लाखांवर सही करू नये.

राजांच्या दुसऱ्या पुस्तकात, चौथ्या अध्यायात, एका विधवेची गोष्ट आहे. नवरा कर्ज मागे ठेवून मेला आणि सावकार तिच्या दोन मुलांना गुलाम करण्यासाठी न्यावयास आला. ती अलीशा संदेष्ट्याकडे गेली. तेलाचा चमत्कार सर्वांना आठवतो. आम्हांला त्याच्या आधीचे अधिक महत्त्वाचे वाटते. तिने ओरडून सांगितले. अलीशाने पहिली चौकशी केली ती घरात काय आहे ह्याची. मग त्याने तिला शेजाऱ्यांकडे भांडी मागावयास धाडले, म्हणजे सगळ्या आळीला तिची अडचण कळली असणारच. आणि तेल विकल्यावर आधी देणे फेडावे व उरलेल्यावर निर्वाह करावा, असा क्रमही त्याने घालून दिला. आमच्याकडे कोणी कर्जाची गोष्ट घेऊन आले की आम्ही ह्याच क्रमाने जातो. कोऱ्या कागदावर सगळी देणी, त्यांचे दर, त्यांच्या तारखा लिहावयाच्या. जास्त दराचे आधी फेडावयाचे. घरात पडून असलेले सोने असेल तर बेचाळीस टक्क्यांचे कार्ड फेडण्यासाठी मान्यताप्राप्त बँकेत ते तारण ठेवणे पुष्कळदा शहाणपणाचे ठरते. पण त्या आधी एक अट असते. तो कागद नवरा किंवा बायको, बाप किंवा आई, ह्यांच्यासमोर लिहिला गेला पाहिजे. पुष्कळजण ह्या अटीपाशीच थबकतात. काही उठून जातात. बहुतेक परत येतात, कधी पंधरा दिवसांनी, कधी पुढच्या नाताळात.

आमच्या भागात विवाहपूर्व मार्गदर्शन शिबिर होते, त्यात गेली तीन वर्षे आम्ही एक तास मागून घेतला आहे. वधूवरांना प्रत्येकी एक कागद द्यावयाचा. स्वतःच्या नावावरील सर्व देणी, कार्डाची बाकी, मोटारसायकलचा हप्ता, कोणासाठी जामीन राहिलो असल्यास ते, असे सगळे लिहावयाचे आणि कागदांची अदलाबदल करावयाची. आम्ही ते पाहत नाही. सुरुवातीला हशा होतो, मग खोली शांत होते. मागच्या शिबिरात एक जोडपे कागद हाती घेऊन व्हरांड्यात गेले ते चहा झाला तरी आत आले नाही. मुलाने लग्नाच्या खर्चासाठी सहा लाखांचे कर्ज मंजूर करून घेतले होते आणि ते तिला माहीत नव्हते. दोघांचे आवाज चढलेले ऐकू येत होते. आमच्या मदतनीस सिस्टर दोनदा दारापर्यंत जाऊन परत आल्या.

त्यांचे लग्न फेब्रुवारीत आम्हीच लावले. आठशे माणसांचे जेवण तीनशेवर आले, बँडऐवजी गायकवृंदातील मुले वाजवावयास गेली आणि कर्ज घेतलेच नाही. हॉलसाठी आगाऊ भरलेले पंचवीस हजार मात्र बुडाले. त्याबद्दल मुलाची आई अजून आमच्याशी नीट बोलत नाही.